पीठ नसलेली गिरणी

"पट्टा तुटलाय म्हणता, मग इंजिन काय भजन करून राहिलंय का?" डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन मन्मथने विचारलं.

गिरणीवाले चंद्रप्पा दार अडवून उभे राहिले. "जा रे पोरांनो! डोकं खाऊ नका!"

मन्मथसोबत आलेली शिवकांता त्यांच्या मिशा न्याहाळत होती. रोज पिठाने पांढऱ्या होणाऱ्या मिशा आज काळ्याभोर! आत इंजिन तर पुकपुकतच होतं.

सुट्टी लागली, तरी शिवकांताचं खेळात मन नव्हतं. दुष्काळाने गावची विहीर उतरत होती. ती आटली, तर शिवकांताची लाडकी देवणी गाय, हरणी, ट्रकमध्ये घालून लोहा गावच्या मामाकडे धाडायची, असं आज्जाने ठरवलं होतं. आज्जा म्हणजे गावचे सरपंच, विरूपाक्षप्पा!

लातूर जिल्हा नवा, साहेब नवे, योजनाही नवी. भुईच्या पोटातलं पाणी साऱ्या शिवाराचं एकच, म्हणून गावोगावच्या लोकांनी शपथ घेतली होती. पाणी पिण्यापुरतंच उपसायचं. पावसाचं पाणी मुरावं म्हणून माळावर पाझर तलावही खणला होता. मग विहीर उतरते कशी?

मन्मथची बहीण सिंधू खडू घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरली. पाण्याच्या कडेला तिने रेघ मारली.

"शिवे, इंजिन वाजलं की पाणी रेघेखाली जातंय गं! बंद पडलं की थांबतंय!"

तिघं गिरणीमागे धावली. इंजिनाचा पट्टा पंपावर चढवलेला, अन् कडब्याखाली विहिरीचा पाइप दडवलेला! त्याचा माग काढत ती माळावर पोचली, अन् थबकलीच. पावसाचा थेंब नसताना तलाव काठोकाठ भरलेला! काठावर आज्जा पताका बांधत होता.

"आज्जा! हे तर आपल्या विहिरीचं पाणी!"

"हळू बोल! उद्या लातूरहून साहेब येऊन राहिले. त्यांना कोरडा खड्डा दाखवू का? गावाची इज्जत हाय!"

"पण पाणी?"

"मुरंल की परत खाली. जातंय कुठं?"

"ऊन पिऊन राहिलंय ना!"

आज्जा नुसता हसला. शिवकांताला रडू फुटलं. ज्याच्याकडे गाऱ्हाणं न्यायचं, तोच पताका बांधतोय!

दुसऱ्या दिवशी साहेब तलाव बघून खूश झाले. तेवढ्यात शिवकांता गूळ अन् पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. पाहुण्याला आधी गूळपाणी, त्याला कोण अडवणार?

साहेबांनी तांब्यात बघितलं. गढूळ गाळ!

"तळं भरलेलं, अन् प्यायला हे?"

"विहिरीत हेच उरलंय, साहेब!"

मन्मथने तलावाच्या काठावरचा कडबा लाथेने उडवला. पाइप उघडा पडला! चंद्रप्पांची मान खाली गेली, आज्जाचीही.

"शाबास पोरांनो!" साहेब म्हणाले. इंजिन बंद झालं.

आज्जाने नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आमच्यापेक्षा तूच शहाणी गं."

"मग हे पाणी आता विहिरीत येईल ना, साहेब?"

साहेबांनी तळ्यावर तळपणाऱ्या उन्हाकडे बघितलं. "थोडं मुरेल. बाकीचं ऊन नेईल, बाळ."

सकाळी विहिरीचं पाणी रेघेच्या खालीच होतं. ट्रक दारात उभा. हरणी पाणी प्यायची कोरडी दगडी डोण चाटत होती. सिंधू हळूच गुणगुणली,

"हरणी माझी बाई, चाटे कोरडी डोण,
खालच्या पाण्याला, वर बोलावील कोण?"

शिवकांताने कालचा तांब्या आणला. गाळ तळाशी बसला होता. वरचं नितळ पाणी तिने अलगद ओंजळीत घेतलं. हरणीने ते एका दमात संपवलं, आणि ट्रकचा भोंगा वाजला तरी ती रिकामी ओंजळ चाटतच राहिली.