सात मात्रांची शांतता

यशोधन बिवलकर गॅरेजमध्ये शिरले तेव्हा डेल गिटार जुळवत होता आणि रूथ की-बोर्डमागे बसून पोहे खात होती.

"शाल्मलीनं केलेत," रूथ म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरे."

"माझी पोरगी सगळ्यातच माझ्यापेक्षा बरी. ताल तेवढा नाही तिला."

"बाबा!" शाल्मली दारातून ओरडली. दोन दिवसांसाठी ती शिकागोहून ओहायोत आली होती.

एकोणचाळीस वर्षं हे तिघे म्हणजे ‘कॉपर लँटर्न’ हा बँड होता. कुठल्याच मोठ्या कंपनीच्या दारात ते गेले नाहीत; रेकॉर्ड्स स्वतःच काढल्या आणि व्हॅनमधून गावोगाव नेऊन विकल्या. वीस-वीस मिनिटांच्या रचना, सात नि अकरा मात्रांची वळणं. आता तिघांचीही बोटं आखडू लागली होती, म्हणून मनगटांवर ‘सोबती’ नावाच्या यंत्रणेचे पट्टे आले होते. मेंदूकडून स्नायूंना निघालेला संदेश सोबती टिपायचा, पुढच्या अर्ध्या सेकंदात हात काय वाजवणार ते ताडायचा, आणि हात उशिरा पोचला तरी आवाज वेळेवर उमटायचा. तिन्ही वाद्यांचा आवाज त्याच्याच मार्फत बाहेर पडे.

बँडचा एक नियम होता. चूक झाली तर थांबायचं नाही. बाकीच्यांनी ती उचलायची, आपली करायची. त्यांची सर्वांत गाजलेली रचना एका तुटलेल्या तारेतून निघाली होती.

त्या दुपारी मधेच ड्रम्स गप्प झाले. यशोधनांचे हात हलत होते, आवाज मात्र नव्हता. क्षणात डेल थांबला, रूथ थांबली. सात मात्रा नुसती शांतता. मग तिघे एकदम पुढे निघाले.

"यशो, काय सुचलं रे तुला!" शेवटी रूथ म्हणाली. "हे ठेवायचंच."

"अगं, मी काहीच केलं नाही," ते हसत म्हणाले.

हातातून निसटलेली काठी उचलताना त्यांचा डावा हात दोनदा चुकला. शाल्मलीला ते दिसलं. ती बोलणार होती. पण गेल्याच महिन्यात त्यांनी तिला सुनावलं होतं, "माझी मुलगी आहेस, नर्स होऊ नकोस." आणि आज ते किती दिवसांनी असे हसत होते. पोह्यांच्या बशा उचलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. मेंदूत गुठळी, डॉक्टर म्हणाले.

तीन आठवड्यांनी शाल्मली पुन्हा त्या गॅरेजमध्ये आली. निरोपाच्या कार्यक्रमात ड्रम्स एकट्या सोबतीनं, यशोधनांच्या जुन्या नोंदींवरून, वाजवावेत असं डेलच्या मनात होतं, आणि त्याला मुलीची परवानगी हवी होती. सही करण्याआधी शाल्मलीनं पडद्यावर सोबतीच्या नोंदी उघडल्या. त्या दुपारची ओळ तिनं दोनदा वाचली: ‘डाव्या हाताचा संदेश तुटक. अंदाज अशक्य. वादन थांबवले.’

"म्हणजे सोबतीला कळलं होतं?" डेलनं विचारलं.

"मरण वगैरे नाही कळत त्याला. हात पुढे काय करणार ते ताडता येईना, म्हणून तो गप्प बसला. इशारा द्यायला कुणी शिकवलंच नव्हतं."

"आणि आम्ही ते वाजवलं," डेल म्हणाला. "कौतुकानं." त्यानं मनगटावरचा पट्टा ओरबाडून काढला.

रूथनं काढला नाही. ती हलकेच एक सुरावट वाजवत होती. "या आठवड्यात माझ्याही वाजवण्यात तशा गप्प जागा आल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, सोबती यशोची लकब शिकलाय."

शाल्मलीनं रूथचं पान उघडलं. तीच ओळ. सोमवारी. काल. आज, दहा मिनिटांपूर्वी.

"रूथ आंटी..."

"नको सांगूस. परवा कार्यक्रम आहे. त्याच्यासाठी एवढं वाजवू दे, मग जाईन कुठं जायचं तिथं."

"रूथ, ऐक जरा," डेल म्हणाला.

"तू गप रे. एवढी वर्षं मी चुकीवर थांबले नाही, आता थांबू?"

ती वाजवत राहिली. बोटं की-बोर्डवर पडत होती, आणि आवाज नव्हता. डेलचा हात सवयीनं तारांवर गेला, त्या शांततेत सामील व्हायला.

शाल्मलीनं पुढे होऊन रूथचं मनगट घट्ट धरलं. तोंडून शब्द निघाले ते मराठीत, रूथला न कळणारे.

"बाबा, थांबा. तुमचा हात चुकतोय, मी पाहिलंय. चिडलात तरी चालेल. आत्ता माझ्याबरोबर हॉस्पिटलमध्ये चला. येता ना?"