हयात माणसाची फ्रेम

मुकुंदवाडी स्टेशनजवळ सांडूभाऊंचं फ्रेमचं दुकान आहे. तिथं एकट्या माणसाचा फोटो येतो, तो माणूस गेल्यावरच. हयात माणसं जोडीनं येतात – लग्नातली, घामेजलेली, फोटोग्राफरला घाबरलेली. त्यामुळे एका दुपारी कुणी तरुण जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र काउंटरवर ठेवून "फ्रेम तुटलीय, संध्याकाळी नेतो" म्हणत पसार झाला, तेव्हा सांडूभाऊंच्या मुलीनं, करुणानं, चादर सोडली आणि आधी मान झुकवली.

चेहरा अर्धा हिरवा, अर्धा जांभळा. एक कान कपाळाच्या शेजारी. बिचाऱ्यानं फार सोसलं असावं. तिनं काळी फ्रेम बसवली आणि रिवाजाप्रमाणे वरून चंदनाचा हार घातला.

संध्याकाळी तरुण हाराकडे बराच वेळ बघत राहिला.

"हा मी आहे," तो म्हणाला.

करुणानं चित्राकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याचे दोन्ही कान जागेवर होते. नाक सरळ. डोळे तर… डोळ्यांची तपासणी तिनं पुढं ढकलली.

"पुरावा?"

"मी चालतोय-बोलतोय, तेवढाच आहे."

नाव अतुल, गाव फर्दापूर. दिवसभर पर्यटकांसाठी अजिंठ्याचा बोधिसत्त्व रंगवायचा आणि संध्याकाळी आरशासमोर बसून स्वतःला. शहरात प्रदर्शन होतं, म्हणून आला होता. हार काढून ठेवून, चित्र घेऊन हसत गेला.

करुणाला हसू आलं नाही, शंका आली. मागच्या स्थळाच्या फोटोत केस होते, गोरा रंग होता, नोकरीही दिसत होती. साखरपुड्यानंतर यातलं काहीच उरलं नाही. तेव्हापासून फोटो आणि माणूस यांतलं अंतर ती डोळ्यांनीच मोजायची. पण जगातले सगळे पुरुष स्वतःहून बरा फोटो आणतात. हा स्वतःहून वाईट आणतो. म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं लपवत असणार.

पंधरवड्यानं तो परत आला. चित्र नवं, तोंड तेच, पण कान खाली सरकला होता आणि जबडा पिवळा.

"फर्दापूरहून इथं?" करुणा म्हणाली. "वाटेत सिल्लोडचे फ्रेमवाले संपावर गेलेत का?"

"त्यांना मी जिवंत वाटतो. तिथं मजा नाही."

"आणि प्रदर्शन?"

"ते कधीच संपलं."

आतून सांडूभाऊ खोकले. तो गेल्यावर म्हणाले, "पोरी, लई सांभाळून. दर खेपेला तोंड बदलतंय. उद्या शब्द बदलायला किती येळ?"

तरी पुढच्या खेपेला तिनं चहा मागवला. चौकशीसाठी माणूस बसलेला बरा.

"हिरवा रंग कशाचा?"

"भीतीचा."

"आणि जांभळा?"

"भीती वाटत नाही असं दाखवतो, त्याचा." त्यानं चहात बघितलं. "बोधिसत्त्व काढताना हात थरथरत नाही. ते शांत तोंड मला पाठ आहे. पण आरशात बघितलं की शांत काहीच सापडत नाही. जे सापडतं ते काढतो."

"कसली एवढी भीती?"

"कुणी हे तोंड नीट बघितलं, तर…"

"तर?"

"परत बघणार नाही."

हे उत्तर पाठ केलेलं वाटत नव्हतं, म्हणून जास्तच संशयास्पद होतं.

मग तो बरेच दिवस आला नाही. करुणा म्हणाली, बघा, मी म्हणतच होते. सांडूभाऊ म्हणाले, "व्हय, पण रस्त्याकडं काय बघती सारखी?"

तो आला तेव्हा चित्र बदललं होतं. हिरवं ओसरलं होतं. पण त्यातल्या एका डोळ्यावर करुणाचं बोट थांबलं.

"हा डोळा तुमचा नाही."

"नाही."

"बाईचा आहे."

"आहे."

दुकानात काच कापायचा आवाज बंद झाला. सांडूभाऊंचे कान आता चित्रातल्यासारखे कुठंही असू शकले असते.

"कोण ती?" करुणानं विचारलं. आवाज साधा ठेवायला तिला मेहनत पडली.

अतुलनं भिंतीवरचा विक्रीचा आरसा उतरवला आणि तिच्यासमोर धरला.

"रोज स्वतःकडे बघतो, तेव्हा हल्ली या डोळ्यानं बघतो. ही नजर काही माफ करत नाही. पण… परत परत बघते."

करुणानं आरशात बघितलं. मग चित्रात.

"माझी भुवई एवढी वर जात नाही."

"आत्ता गेलीय."

ती गेली होती. खाली आणायचा प्रयत्न फसला.

"किती दिवस असं बघणार माझ्याकडे?" त्यानं हळूच विचारलं.

"संशय फिटेपर्यंत."

"आणि फिटलाच नाही तर?"

करुणानं चित्र उचललं, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोंशेजारी धरून बघितलं आणि पुन्हा त्याच्या हातात दिलं.

"याला आता फ्रेम नाही मिळणार. एकटा माणूस आमच्याकडे गेलेला धरतात. घरी न्या. आणि पुढचं काढाल तेव्हा…" ती आरसा पुसू लागली. तो आधीच स्वच्छ होता. "शेजारी जागा सोडा."

अतुल चित्र उलटं धरून उभा राहिला.

"पण मला हिरवं करायचं नाही," ती म्हणाली.

"थोडंसं?"

ती विचारात पडली.

"कानाशी चालंल," आतून सांडूभाऊ म्हणाले.