छबूचे दात

साहेब, तुम्ही वरून आदेश काढलात, "अपुऱ्या स्कॅनच्या तक्रारी शून्यावर आणा." नेटवर्क सुधारा, असं कुठेच लिहिलं नाहीत. तुमच्या तक्रारी शून्यावर आल्या. त्याची किंमत सरूबाई खरात यांनी मोजली.

तालुक्याच्या नक्कल कक्षात सरूबाई आल्या होत्या त्या शाळेच्या एका जुन्या वर्गफोटोसाठी. त्यांच्या लेकीचा, छबूचा तेवढाच फोटो. त्याच साली पोर तापानं गेली. फोटो शाळेच्या भिंतीवर होता आणि सरूबाई दरवर्षी जाऊन तो बघून यायच्या. पुढे शाळा बंद पडली, दप्तरासोबत फोटोही तालुक्याला आला. कागदमुक्तीचा कायदाही आला. यंत्र वरून स्कॅन करतं, जिल्ह्याच्या डिजिटल कोठारातून "पोचलं" असा निरोप आला की खालून मूळ कागदाचा भुगा करतं.

नक्कल हातात घेऊन सरूबाई म्हणाल्या, "ही माझी पोर न्हाई."

"आजी, मशीन खोटं बोलत नसतंय," कक्षाचे कारकून भाऊसाहेब गुंड म्हणाले. "चष्मा बदला."

"चष्मा बदलीन. पर हिच्या तोंडात दात कुणी बशिवलं? छबूचा म्होरला दात पडला हुता. फोटुवाला हस-हस म्हनतुया, अन् ही लाजून त्वांड गच्च मिटून. ही बघा, कशी बत्तीशी काढून बसलीया!"

कोपऱ्यात रेश्मा तांबोळी यंत्र उघडून बसली होती. दसऱ्यापासून स्कॅन संथ जातात म्हणून तिला बोलावलं होतं. पडद्यावर मात्र सगळं हिरवं, दोष काही नाही. तिनं हात थांबवला.

"भाऊसाहेब, मशीन भिंतीपासून ओढलं होतं का कधी?"

"खंडेनवमीला. पूजा नको का करायला? मीच ओढलं, पुसलं, हार घातला."

रेश्मानं मागे हात घातला. नेटवर्कची वायर खाचेत अर्धवट अडकली होती आणि मध्ये झेंडूची वाळकी पाकळी होती. तिनं पाकळी काढली, वायर दाबली. टक् असा आवाज झाला.

"झालं की!" भाऊसाहेब खूश झाले. "या आजी, आता नवी नक्कल देतो."

नव्या नकलेतही तीच पोर हसत होती.

"आता तसंच येणार. वायर ढिली असतानाच हा फोटो गेलाय," रेश्मा हळू आवाजात म्हणाली. "स्कॅन तुकड्यातुकड्यानं जातो, आजी. पूर्वी तुकडा हरवला की कोठार तो परत मागायचं, आणि मिळाला नाही तर लाल दिवा लागायचा. आता तक्रारी नकोत म्हणून वरून 'पूरक' नावाचं सॉफ्टवेअर बसवलंय. ते मागत नाही. लाखो फोटो बघून अंदाज करतं आणि गाळलेली जागा स्वतःच भरतं."

"मग खरा फोटू?"

भाऊसाहेबांनी भुग्याच्या पिंपाकडे पाहिलं आणि मान फिरवली. पिंप कधीच रिकामं झालं होतं.

रेश्मानं पूरक बंद करून पुन्हा छापलं. ओळीनं पोरं बसलेली, आणि मधे एका मानेवर राखाडी चौकोन. सरूबाईंनी त्यावर अंगठा फिरवला.

"हां. ही हाय माझी. हीच द्या."

"अहो, चेहरा कुठाय त्यात?"

"मला दिसतुया की. त्या हसरीला रोज बघितलं, तर माझी माझ्याच डोळ्यातनं जाईल, बाबा. आता ती तेवढ्याच ठिकाणी उरलीया."

भाऊसाहेबांनी कागद शिक्क्याच्या यंत्रात सरकवला. यंत्रानं तो मागे ढकलला. पडद्यावर अक्षरं आली: अपूर्ण नक्कल देता येत नाही. त्यांनी परत घातला, परत मागे आला.

"शिक्क्याबिगर कागद दारातून बाहेर जाऊ देत नाहीत, आजी," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "वरूनच बंद केलंय."

सरूबाई बाकावर बसून आहेत. हसणारी पोर शिक्का मारून टेबलावर तयार आहे. तोंड मिटलेली पोर तुम्ही कुठे ठेवलीत? उत्तर द्या. आणि माहीत नसेल, तर माहीत नाही एवढंच म्हणा. निदान ती जागा तरी अंदाजानं भरू नका.