मधला हात

बेरिल आणि रॉझ या दोघी बहिणी धाकट्या भावाची, नेव्हिलची, रक्षा समुद्रात सोडून परत निघाल्या, तेव्हा पावसानं त्यांना लाकडी धक्क्याच्या टोकालाच गाठलं. नोव्हेंबरची दुपार, आणि वारा असा, की छत्री उघडली तर ती समुद्राला दान केल्यासारखीच. जवळच क्लेगबाईंचं, नाणं टाकून चालणाऱ्या जुन्या खेळांचं दालन उघडं होतं. लहानपणी दर उन्हाळ्यात ही तिघं भावंडं तिथं पडीक असायची. दोघी आत शिरल्या, एकमेकींशी अक्षर न बोलता.

बोलणं सप्टेंबरपासूनच तुटलं होतं. नेव्हिल बेरिलकडे राहायचा. तो इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता तरी बेरिलनं रॉझला फोन केला नाही. केला तो सगळं आटोपल्यावर.

आत ओल्या लाकडाचा, वंगणाचा आणि व्हिनेगर मारलेल्या बटाट्यांचा वास कोंडला होता. पायाखालच्या फळ्यांतून लाटांचा धप... धप असा आवाज येत होता. गिऱ्हाईक एकही नाही. हीटरपाशी विणकाम घेऊन बसलेल्या क्लेगबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"या बायांनो, पाय पुसा. पेटीतला तो खलाशी बाहुला आज हसणार नाही, त्याच्या घशात गंज चढलाय. बाकी सगळं चालू आहे."

रॉझनं जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले. यंत्र दिसलं की त्याच्या पोटात काय आहे हे बघायला तिचे हात शिवशिवायचे. यंत्रात टाकायला मूठभर जुनी पेनी-नाणी घेऊन ती एकेका काचेला नाक लावत सुटली. एका पेटीत चिमुकल्या घराची दारं उघडायची आणि पलंगाखालून सांगाडा डोकवायचा. ती वाकून आतली चाकं न्याहाळत बसली. दुःख विसरायला तेवढं पुरे होतं.

मग कोपऱ्यात तिला विजेचं यंत्र दिसलं. लाकडी कपाट, आणि त्यातून लांब तारांवर लोंबणाऱ्या दोन पितळी मुठी. दोघांनी एकेक मूठ धरायची, बाकीच्यांनी मधे हाताला हात लावून रांग करायची, की झिणझिणी सगळ्यांतून फिरायची. मधे नेहमी नेव्हिल असायचा. दोघी किंचाळेपर्यंत हात न सोडणारा.

"हे चालतं?" रॉझनं विचारलं.

"चालतं, पण हातात हात हवा," क्लेगबाई म्हणाल्या. "साखळी तुटली की ते मेलं गप्प बसतं."

बेरिल मागे येऊन उभी होती. तिनं एक मूठ उचलली. रॉझनं दुसरी. पेनी आत खळखळली. दोघी भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधे एक माणूस सहज मावेल एवढी जागा. आधी हात कोण पुढं करणार? रॉझनं डोळे मिटून घेतले. मी तर नाहीच, तिनं मनाशी म्हटलं.

यंत्र घुमायला लागलं.

झिणझिणी मनगटातून कोपरात चढली आणि त्याच वेळी रॉझच्या मोकळ्या हातात एक हात आला. गार, ओला. आला बाई हिला पाझर, असं तिला वाटलं. तिनं तो हात दाबला. फारच लहान होता. बेरिल इतकी वाळली?

घरघर थांबली. रॉझनं डोळे उघडले.

बेरिल होती तिथंच होती, पुरुषभर अंतरावर. तिचा मोकळा हात हवेत तरंगत होता, बोटं वळलेली. गालांवरून पाणी वाहत होतं.

"रॉझ... तुला लागला झटका?"

"लागला."

"मी तुला शिवलेसुद्धा नाही गं."

रॉझ आधी तारांकडे धावली. कपाटामागं वाकून पाहिलं, फळ्या चाचपल्या. कोरडं लाकूड, कुठं लोखंडाची पट्टी नाही. दुसरी पेनी टाकून तिनं एकटीनंच मूठ धरून पाहिली. यंत्र ढिम्म.

"नको शोधूस," बेरिल हलकेच म्हणाली. "नेव्ह होता. त्याचा तो गवंड्याचा हात, खरबरीत, फावड्याएवढा. ओळखणार नाही का मी? तो म्हणाला होता, रॉझला असा मी दिसायला नको, बोलावू नकोस. मी ऐकलं त्याचं. चुकलं का माझं?"

"नाही गं," रॉझ म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं.

"आणि शेवटी त्यानं सोडला हात. जन्मात पहिल्यांदा. आपण होऊन." बेरिलनं नाक पुसलं. "तुझाही धरला होता ना त्यानं?"

फावड्याएवढा. मघाची ती बोटं रॉझच्या अर्ध्या तळव्यातच मावली होती. नखं कुरतडलेली होती, बोटांच्या बेचक्यांत वाळू होती. बेरिलच्या हातात नेव्हिल होता, तर मग नेव्हिलच्या दुसऱ्या हाताला धरून कोण होतं?

"हो," ती म्हणाली. "नेव्हच होता."

पाऊस ओसरला. क्लेगबाईंनी दार लोटून घेतलं आणि दोघी किनाऱ्याकडे निघाल्या. दिवे लागत होते. बेरिल कितीतरी दिवसांनी मोकळी बोलत होती: चहा कुठं घ्यायचा, नेव्हिलच्या कुत्र्याला कुणी सांभाळायचं. रॉझ हं हं करत होती. तिला पावलं आखूड टाकावी लागत होती, हाताशी लहान मूल असल्यासारखी.

"अगं, इतकी लांबून काय चालतेस?" बेरिल थांबून हसली, हात पुढं केला. "आता तरी जवळ ये की."

रॉझनं खूप जोर लावला. पण तिला जवळ जाता येईना. मधे जागाच नव्हती.