रबाबाची तार

१९५६ साल. बंगळूरच्या म्युझियममधल्या अरबी रबाबाची तार तुटली, तेव्हा तिथल्या पगारी दुरुस्तीवाल्या भीमसेनला बरंच वाटलं. हाताला काम मिळालं. बायको, वसुमती, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि या गृहस्थाच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. कुणी विचारलं, तर म्हणायचा, "सरी, ठीक आहे सगळं."

रबाब साधाच. चौकोनी लाकडी चौकट, तिच्यावर बकऱ्याचं कातडं आणि एकच तार, तीही घोड्याच्या शेपटीच्या केसांची. गजानं वाजवायचा. भीमसेननं टांगेवाल्याकडून केस आणले, शिकेकाईनं धुतले, घरी खिळ्याला वाळत टांगले. शेजारच्या खिळ्याला वसुमतीचं गंगावन वर्षभर तसंच लटकत होतं. विंचरताना गळलेले स्वतःचे केस साठवून तिनं ते करून घेतलं होतं. सकाळी या बधिर माणसानं हाताला लागला तो झुपका पिशवीत कोंबला.

तार चढवून गज फिरवला, तर आतून वसुमतीचं गुणगुणणं आलं. कणीक मळताना ती गुणगुणायची, तेच. त्यानं गज पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

संध्याकाळी पाहतो, तर घोड्याचे केस खिळ्यालाच. त्यानं तार बदलली नाही.

पुढे ती रोज सैल पडू लागली. ताणावी, की सकाळी पुन्हा सैल. "स्वल्प हवेचा त्रास आहे, सार," त्यानं साहेबांना सांगितलं.

इकडे त्याच्या आईनं, भागुबाईनं, निपाणीची शालन पाहून ठेवली. "होय म्हण की रे भीमा. किती दिवस असा दगडासारखा बसणार?"

तो होय म्हणाला. नाही म्हणायलाही जीव लागतो.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी त्यानं ठरवलं, तार काढून टाकायची. घरात नवी बाई येणार. हे बरं नव्हे. कात्री घेऊन तो वाकला.

तार सैल पडत नव्हती. वाढत होती.

वरच्या टोकाशी नव्यानं आलेले केस पांढरे होते.

वसुमती गेली, तेव्हा सव्विसाची होती.

त्यानं कात्री खिशात ठेवली.

घरी भागुबाई ओटीचे नारळ सोलत होती.

"आई, निपाणीकरांना नको म्हणून कळव."

"का रे? पोरीत काय खोट आहे?"

"खोट नाही." तो शांतपणे बूट सोडत म्हणाला, "माझी सरकारी नोकरी. नवा कायदा झालाय, ठाऊक आहे ना? बायको हयात असताना दुसरं लग्न करता येत नाही."