परतीची एक सीट

ही गोष्ट घडलेली आहे. कुणाकडून कुणाकडे फिरत माझ्यापर्यंत आलेली नाही. जिच्या बाबतीत घडली ती आतिका माझी सख्खी मावसबहीण. तिने मला ती आयुष्यात दोनदाच सांगितली, आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

त्या डोंगरातल्या गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. तिथे आजही माणसं राहतात.

साल १९९७. फेब्रुवारी महिना. जागा बहरीन, मनामा.

आणि वेळ रात्रीची नव्हे. भर दुपारची... दोनची.

ज्यांनी तेव्हाचं मनामा पाहिलंय त्यांना ती दुपार आठवत असेल. एक वाजला की बाजारातली शटरं एकामागून एक खाली यायची. मसाल्याची दुकानं, सोन्याची दुकानं, आपल्या लोकांची कापडाची दुकानं, सगळी बंद. चार वाजेपर्यंत गल्लीत फक्त ऊन आणि मांजरं. इतकं शांत की दूरच्या बंदरातला भोंगा ऐकू यायचा.

अशाच एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, आतिकाचं ऑफिस होतं. ट्रॅव्हल एजन्सी. मालक अबू यूसुफ, भला माणूस. आतिका तिथे तिकिटांचं काम बघायची. जवळच्याच नईम मोहल्ल्यात दोन खोल्यांचं घर, नवरा अन्सार बंदरावर क्लार्क, आणि बाहेरच्या खोलीत झोपणारा तिचा धाकटा भाऊ फराज.

खेडजवळच्या गावातून तिनेच त्याला आणलं होतं. व्हिसा तिनेच काढला. सीफला तेव्हा समुद्रात भर घालून नव्या इमारती उठत होत्या, तिथे तो नकाशे काढायचा. सव्वीस वर्षांचा. सारखी थट्टा करणारा.

त्या वर्षी ईद ऐन थंडीत आली. सुट्टीत बर्फ बघायला जायची श्रीमंतांमध्ये फॅशन निघाली होती. नावाजलेली ठिकाणं भरून गेली. अबू यूसुफ म्हणाले, "आतिका, एक यादी कर. लोकांना ठाऊक नसलेली, पण जाण्यासारखी ठिकाणं. जिथे घसरायला उतार आहे आणि खोली रिकामी आहे."

आतिकाने फॅक्स पाठवले, माहितीपत्रकं चाळली, आणि पाच नावं काढली. गढवालमधलं औली. इराणातलं दिझिन. बल्गेरियातलं बान्स्को, तेव्हा ते नाव कुणी ऐकलंही नव्हतं. लेबनॉनमधलं एक. आणि पाचवं, तुर्कस्तानच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीतलं हे गाव. एकच हॉटेल, एकच उतार, वर ओढून नेणारा एकच दोर.

तिने खाली स्वतः लिहिलं : 'गर्दी नाही. आवाज नाही. मनाला शांती.'

फराजने कागद वाचला आणि हसत सुटला.

"काय गो आपा, तू बर्फ कधी बघितलास?"

"बघितला की. मासळीबाजारात."

"आणि लोकांना सांगतेस शांती मिळते! सुरमईला मिळत असेल."

"जा मग तूच, आणि येऊन मला सांग," ती म्हणाली.

हे तिचे शब्द. ती ते कधी विसरली नाही.

तो खरंच निघाला. सोबत दोन मित्र. ताहिर, त्याच्याच ऑफिसातला. आणि गुहागरचा जयप्रकाश, एसी दुरुस्त करणारा. जयप्रकाश म्हणायचा, "आपा, आयुष्यभर लोकांना थंडी पुरवली, आता जरा स्वतः खातो." ईदच्या दुसऱ्या दिवशी तिघं गेले. आतिकानेच तिकिटं काढली. परतीच्या तीन सीटा, पुढच्या मंगळवारच्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या काळी परतीची सीट नुसती तिकिटावर लिहून पक्की होत नसे. निघायच्या तीन दिवस आधी फोन करून 'मी येतोय' असं कळवावं लागे. त्याला रिकन्फर्म म्हणत. नाही कळवलं तर सीट वेटिंगवाल्याला जायची. ईदच्या गर्दीत तर एकेका सीटमागे दहा दहा नावं असत.

शनिवारी दुपारी आतिका घरी गेली नाही. वेटिंगची यादी निपटायची होती. अबू यूसुफ गेले. शटरं पडली. गल्ली गप्प झाली.

दोन वाजता फोन वाजला.

"आपा. मी."

फराज.

"किती बारीक येतोय तुझा आवाज! मजा आहे ना?"

"रिकन्फर्म कर. दोघांचं."

"दोघांचं? तिघं आहात ना?"

"ताहिर येत नाही."

"म्हणजे? त्याला नोकरी नाही का?"

"राहतोय तो. त्याची सीट सोड. कुणाला तरी दे."

तिला वाटलं, ताहिरचं डोकं फिरलं. तो होताच लहरी. ती चिडून काहीतरी बोलली.

मग तिच्या लक्षात आलं... पलीकडे कसलाच आवाज नव्हता.

डोंगरातला वारा नाही. हॉटेलातली माणसं नाहीत. लांबच्या फोनवर असते ती खरखरही नाही. जणू कुणी फोनभोवती कापूस गच्च दाबून बसवला होता.

फोन बंद झाला.

तिने ताहिरची सीट सोडली. तिचं रोजचं काम ते. पाच मिनिटांत ती वेटिंगवरच्या ओवैसला गेली. मुरुडचा मुलगा, गालिच्यांच्या दुकानात सेल्समन, इस्तंबूलला अडकला होता.

रविवारी पुन्हा दोन वाजता.

"आपा, एकच ठेव."

आतिका उठून उभी राहिली.

"जयप्रकाशला फोन दे."

"नाही देता येत."

"का?"

"त्याचे हात मोकळे नाहीत."

"फराज, ही कसली थट्टा? अम्माची शपथ, खरं बोल."

मग अगदी हळू...

"त्याची सीट सोड गो. रिकामी धरून ठेवू नकोस. त्याला त्रास होतो."

आणि कुणीतरी ओढत ओढत घेतल्यासारखा एक श्वास.

एकच.

तिने सीट सोडली. का सोडली ते तिला सांगता येत नाही. बोटं चालली, एवढंच. मग ती धावत घरी गेली. अन्सारभाईंनी हॉटेलला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. संध्याकाळभर लावत राहिले.

सोमवारी सकाळी अबू यूसुफ ऑफिसात आले ते खाली मान घालूनच. त्यांनी आतिकाला खुर्चीत बसवलं. पाणी दिलं.

शुक्रवारी, नमाजाच्या सुमारास, डोंगरावरून बर्फाचा कडा सुटला होता. हॉटेल त्याच्याखाली गेलं. उतार, दोर, सगळं. तिघंही आतच होते.

"शुक्रवारी?" आतिका म्हणाली.

"शुक्रवारी."

"पण मला शनिवारी फोन आला. कालही आला."

अबू यूसुफनी तिच्याकडे बघितलं. "बेटी, गावाच्या फोनच्या तारा शुक्रवारीच तुटल्या. त्या अजून जोडलेल्या नाहीत."

दुपारी सगळे तिला घरी न्यायला लागले. ती उठली नाही. अन्सारभाई जिन्यात बसून राहिले. ती आत एकटी.

एक वाजला. शटरं पडली.

दीड.

दोन...

फोन वाजला.

"आपा."

"कुठे आहेस?"

"इथंच."

"अबू यूसुफ म्हणतात..."

"खरं आहे ते."

तिचे दात वाजायला लागले. खोलीत ऊन होतं, पण हातातला फोन इतका गार झाला होता की बोटं चिकटत होती.

"माझी सीट सोड, आपा."

"नाही."

"ताहिर सुटला. जयप्रकाश सुटला. मी एकटाच राहिलोय गो."

"नाही म्हणते ना! तुला मी आणलं इथे. यादीत नाव मी लिहिलं. मी अम्माला काय तोंड दाखवू? तू विमानात बस. घरी ये. मी येते एअरपोर्टला."

"आपा... सोड."

"ये म्हणते ना!"

पलीकडे ती कापसासारखी शांतता.

मग फराज म्हणाला,

"तू म्हणतेस तर येतो."

आतिकाने त्याची सीट पक्की केली. स्वतःच्या हाताने.

मंगळवारी दुपारी अन्सारभाईंनी तिला मुहर्रकच्या एअरपोर्टवर नेलं. तिच्या मनाचं समाधान म्हणून. वाटेत ते एवढंच म्हणाले, "कुणी आलं नाही तर मुकाट्याने घरी यायचं. कबूल?" तिने फराजचा स्वेटर बरोबर घेतला होता.

विमान उतरलं. माणसं बाहेर येऊ लागली. पोरंबाळं, बॅगा, मिठाईची खोकी. मग गर्दी विरळ झाली. मग दोघं-तिघं.

मग कुणीच नाही.

एअरपोर्टवर झोहरा नावाची ओळखीची मुलगी कामाला होती. आतिकाने तिला यादी बघायला सांगितली. झोहरा आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आपा, तो चढलाय. इस्तंबूलला चढल्याची नोंद आहे. पण इथे उतरलेली माणसं मोजली, तर एक कमी भरतंय. विमान तीनदा तपासलं. रिकामं आहे."

मग ती म्हणाली, "त्याच्या सीटवर पाणी होतं. पट्टा लावलेलाच होता."

आणि तेवढ्यात ओवैस दिसला. ताहिरची सीट ज्याला गेली तो. बॅग घेऊन खांबाशी उभा, पांढराफटक. आतिकाने त्याला फराजचा फोटो दाखवला.

त्याने फोटोला हात लावला नाही.

"हाच होता माझ्या शेजारी. सगळा वेळ कुडकुडत होता. मी माझी चादर दिली, तर म्हणाला, उपयोग नाही. मराठीत बोलला म्हणून मी गाव विचारलं. खेड म्हणाला. मग विमान खाली यायला लागलं, तर माझा हात धरून म्हणाला..."

ओवैस रडायला लागला.

"म्हणाला, 'आपाने बोलावलं म्हणून आलो. पण मला उतरता येत नाही.'"

त्याने बाही वर केली. मनगटावर चार बोटांचे निळे वळ होते.

एप्रिलमध्ये तिथला बर्फ वितळला. ताहिर सापडला. जयप्रकाश सापडला. दोघं जवळजवळच होते. एकाला त्याच्या लोकांनी माती दिली, दुसऱ्याला गुहागरच्या किनाऱ्यावर अग्नी.

त्या दोघांच्या मध्ये एका माणसाएवढी जागा रिकामी होती.

फराज सापडला नाही. त्या एप्रिलमध्ये नाही, पुढच्याही नाही. गावात त्याच्यासाठी मय्यतीशिवाय जनाज्याची नमाज पढली. मावशी शेवटपर्यंत एकच विचारत राहिली, "फातिहा पढायला जाऊ कुठे? माझ्या पोराची कबर कुठे आहे?" हेच विचारत ती गेली.

आतिकाला तेव्हा कळलं आपण काय केलं ते. ज्यांना सोडलं ते पोचले. ज्याला धरून ठेवलं, तो ना इथला, ना तिथला.

ती ऑफिसातली तिकिटाची प्रत घेऊन विमान कंपनीच्या काउंटरवर गेली. म्हणाली, ही सीट कॅन्सल करा. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

"मॅडम, प्रवास झालेला आहे. झालेल्या प्रवासाचं तिकीट कॅन्सल होत नाही."

ती दर आठवड्याला जायची. महिनोन् महिने. शेवटी त्यांनी तिला आत सोडणं बंद केलं. पुढे ती कंपनीही राहिली नाही. आता कॅन्सल करायचं म्हटलं तरी काउंटर कुठे आहे?

अन्सारभाई गेल्यावर ती गावी परतली. एकटीच राहते. घरात जुना फोन आहे, गावातला शेवटचा असेल. पोरं म्हणतात, चाची, काढून टाक तो. ती काढू देत नाही.

मागच्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. उकाड्याने जीव जात होता. जेवणं झाली, आम्ही पान खात बसलो होतो.

दोन वाजता फोन वाजला.

आतिका उठली. घाई नाही, दचकणं नाही. उचलून कानाला लावला. मी हातभर अंतरावर होते. मला बोलणं ऐकू आलं नाही. पण एक घरघर ऐकू आली. विमानात बसल्यावर खिडकीपाशी येते ना... तशीच. संपतच नव्हती.

तिने खुंटीवरची शाल काढली आणि फोनभोवती गुंडाळली. दोन्ही हातांनी, तान्ह्या पोराला गुंडाळावं तशी.

"रोज येतो?" मी कसंबसं विचारलं.

"रोज."

"काय म्हणतो?"

"विचारतो, आलं का बहरीन."

"आणि तू काय सांगतेस?"

आतिकाने शालीचं टोक नीट खोचलं.

"सांगते, आलंच."

मी संध्याकाळच्या गाडीने निघाले. त्यानंतर तिच्याकडे गेलेले नाही. आमच्या घरावरून दुपारी एक विमान जातं. नातवंडं ओट्यावर धावत जाऊन हात हलवतात, मलाही बोलावतात.

मी जात नाही.