नंदकिशोरचा राहिलेला शनिवार

टँकर रात्री अकराला येणार होता. साडेबारा वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता. मुलुंडमधल्या आमच्या इमारतीखाली पाण्याच्या टाकीजवळ आम्ही चौघं बसलो होतो. मी, तिसऱ्या मजल्यावरचा सुयोग, त्याची बहीण श्रुतिका आणि मार्तंडकाका. काकांनी तीस वर्षं बारना सोडा पुरवला. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आणि पलीकडे अंधेरी-बोरिवलीतही, कुठला बार कोणत्या गल्लीत आहे ते त्यांना पाठ आहे.

सुयोग मोबाईल चाळत होता. मध्येच म्हणाला, "काका, ‘उपनगरी बैठक’ नावाचं एक पान होतं ना? एक जण शनिवारी नवीन बारमध्ये जायचा आणि मराठीत लिहायचा. काय झकास लिहायचा यार! अचानक बंदच पडलं."

 काका म्हणाले, "देवेश त्याचं नाव. माझ्याच स्कूटरवर मागे बसून फिरायचा तो."

"काय सांगता! मग बंद का केलं?"

"त्याने नाही बंद केलं," काका म्हणाले. "ऐकायचं तर नीट ऐका. मधे मधे फोन बघायचा नाही."

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत असं.

देवेश विलेपार्ल्याचा. चांगल्या घरचा, कंपनीत कॉम्प्युटरवर काम. त्याने ठरवलं होतं की दहिसरपासून मानखुर्दपर्यंत शंभर साधे बार बघायचे आणि प्रत्येकाबद्दल लिहायचं. मोठी हॉटेलं नाहीत. प्लास्टिकच्या खुर्च्या, उकडलेले चणे, भिंतीवर पंखा, असे बार. दारू कशी, मासे कसे, वाढणारे कसे, बाथरूम कसं, मग पाचपैकी स्टार. त्याचे दोन नियम होते. एका बारमध्ये दुसऱ्यांदा जायचं नाही. आणि एकदा लिहिलेलं बदलायचं नाही.

"म्हणजे प्रामाणिक होता," श्रुतिका म्हणाली.

"तो स्वतःही तेच म्हणायचा," काका म्हणाले.

घाटकोपर पश्चिमेला गॅरेजच्या मागे ‘हॉटेल सुंदर’ नावाचा बार होता. मालक चंद्रप्रकाशशेठ, माझं जुनं गिऱ्हाईक. तिथे मीच देवेशला नेलं. सप्टेंबरची गोष्ट. वाढायला नंदकिशोर होता. कणकवलीकडचा, एकसष्ट वर्षांचा. त्याच बारमध्ये एकतीस वर्षं काढलेली. रात्री बार बंद झाला की दोन टेबलं जोडायची आणि त्यावर झोपायचं. त्याची ट्रंक भटारखान्यात. बायको गेलेली, गावचं घर भावाच्या नावावर. त्याला जगात दुसरी जागा नव्हती.

नंदकिशोरची एक पद्धत होती. दारू मापाने ओतायचा, पण पाणी घालताना गिऱ्हाईक "बस" म्हणेपर्यंत थांबायचा नाही. जुनी गिऱ्हाईकं त्यावरून त्याची चेष्टा करायची. "नंदू, मी मेलो तर तू ओततच राहशील रे!" तो म्हणायचा, "गिऱ्हाईक बोलल्याशिवाय मी कोण ठरवणार?"

त्या दिवशी त्याचा हात जरा थरथरत होता. वयच होतं ते. देवेशने लगेच मोबाईल काढला आणि त्या हाताचं शूटिंग सुरू केलं. नंदकिशोर पाणी ओततोय, देवेश स्क्रीनमध्ये बघतोय. ग्लास भरला. देवेश "बस" म्हणालाच नाही. पाणी टेबलावर आलं, मग त्याच्या पँटवर. तो ओरडून उठला. सगळा बार हसला.

"आणि तुम्ही?" सुयोगने विचारलं.

"मीही हसलो. चूक कुणाची ते मला दिसत होतं. तरी हसलो."

देवेशने लिहिलं, "सुरमई ताजी, दारू अस्सल. पण वाढपी म्हणून एक थरथरता म्हातारा ठेवलाय. अर्धं ग्लासात, अर्धं मांडीवर. शेठ, याला घरी पाठवा, नाहीतर गिऱ्हाइकांना रेनकोट द्या. दोन स्टार." सोबत त्या हाताचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ टाकला. मागे ढोलकी वाजत होती.

तो सहा लाख लोकांनी बघितला.

मग लोक तो हात बघायला यायला लागले. मुद्दाम त्यालाच बोलवायचे. ग्लास भरला तरी "बस" म्हणायचे नाहीत. तो ओतत राहायचा, खाली सांडायचं आणि लोक ते शूट करायचे. एका वाढदिवसाच्या पार्टीने त्याच्या मनगटाला घुंगरू बांधले.  घुंगरू बांधूनच त्याने पूर्ण टेबल वाढलं. मी सोड्याचे क्रेट उतरवत होतो, तेव्हा तो आवाज ऐकला.

पंधरा दिवस शेठने मजा बघितली. गल्ला भरत होता. मग नेहमीची गिऱ्हाईकं तुटायला लागली. शेठने नंदकिशोरला सांगितलं, तो व्हिडिओ काढून टाकायला लाव, तर ठेवतो. नाहीतर ट्रंक उचल.

त्याने माझ्याकडून देवेशचा नंबर घेतला. माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. "सायबानू, तेवढा ता काढून टाका. मगे शेट माका ठेवतलो."

देवेश म्हणाला, "काका, राग मानू नका. माझा नियम आहे. लिहिलेलं मी बदलत नाही."

"मगे परत एकदा येवा. परत वाढतंय. सांडला नाय, तर नवीन लिवा."

देवेशला फोन ठेवायचा होता. म्हणाला, "बरं, येतो शनिवारी. सात वाजता."

नंदकिशोरने आठवडाभर सराव केला रे. दुपारी बार रिकामा असताना, पाण्याचा जग आणि ग्लास घेऊन. डाव्या हाताने उजवं मनगट धरून. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घातला. कोपऱ्यातलं टेबल पुसून ठेवलं. दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. सात वाजले. नऊ वाजले. मी देवेशला फोन केला. तो दहिसरला एका बारमध्ये बसला होता. "अरे काका, तुम्ही पण ना! मी एका बारमध्ये दोनदा जात नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"मग त्याला येतो कशाला म्हणालास?"

"तो ऐकतच नव्हता. वाट लागली होती माझी."

रात्री शेठने ट्रंक बाहेर ठेवली. नंदकिशोर तीन रात्री शटरच्या पायरीवर झोपला. कुठे जाणार? चौथ्या दिवशी सकाळी क्रेट उतरवायला मीच आधी पोचलो. तो शटरला पाठ टेकून बसला होता. हाक मारली. खांद्याला हात लावला...

 गेटबाहेर गाडीचा आवाज आला, पण तो टँकर नव्हता.

"हात मांडीवर होते," काका म्हणाले. "एकदम स्थिर."

मी देवेशला सांगितलं. "अरेरे, वाईट झालं," म्हणाला. तरी व्हिडिओ काढून टाकला नाही. मी त्याच्या मागे लागलो. म्हटलं, तू शब्द दिला होतास. एकदा जाऊन त्याच टेबलावर बस. त्याच्या नावाने ग्लास ठेव, माफी माग, तो व्हिडिओ काढून टाक. महिनाभर टाळलं त्याने. मग एक दिवस त्याचाच फोन. "काका, येतो. माझे नव्याण्णव बार झालेत. शंभरावी भेट तिथेच करतो. श्रद्धांजली स्पेशल. अंधार, एक ग्लास, मी एकटा. लोक रडतील."

"शी!" श्रुतिका म्हणाली. "आणि तुम्ही नेलंत?"

"नेलं. येतोय हेच पुष्कळ, असं वाटलं मला."

तीस नोव्हेंबर, शनिवार. गेल्याच्या गेल्या वर्षी. कार्तिकातली अमावस्या. निवडणुकीचे ड्राय डे संपून आठवडा झाला होता, त्यामुळे बार शेवटपर्यंत भरलेला. दीडला गिऱ्हाईकं गेली. पोरं भटारखान्यामागच्या खोलीत झोपायला गेली. देवेशने कोपऱ्यातलं टेबल मांडलं. एक रिकामा ग्लास आणि चार सीलबंद क्वार्टर. मीच काउंटरवरून आणून दिल्या. पाण्याचा जग त्याने ठेवू दिला नाही. "फ्रेममध्ये बरा दिसत नाही," म्हणाला.

मोबाईल स्टँडवर लावला. म्हणाला, "तुम्ही दोघं बाहेर थांबा. श्वासाचा पण आवाज येतो."

मी आणि शेठ बाहेर आलो. शटर अर्धं खाली. एक वाजून चाळीस मिनिटं. आतून देवेशचा आवाज येत होता, सावकाश, गळा भरून आल्यासारखा. "मित्रांनो, आज मी एका शब्दासाठी आलोय..."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला पोलिसांची गाडी वळली. बंद व्हायची वेळ टळून गेलेली. अशा वेळी सगळे बारवाले करतात तेच शेठने केलं. पायाने शटर पूर्ण खाली दाबलं. आतला दिवा फटीतूनही दिसेना. आम्ही दोघं पानाच्या टपरीपाशी उभे असल्यासारखे उभे राहिलो. गाडी समोरच थांबली. एक हवालदार उतरून सिगारेट पेटवायला लागला.

आतून आवाज आला. ग्लासात काहीतरी ओतल्याचा.

मग देवेशचा. "बस, काका. बस."

शेठ तोंडावर हात ठेवून हसला. "ऐक, ऐक. काय नाटक करतोय. झकास!"

मलाही हसू आलं.

"बस म्हटलं ना... बस."

पुन्हा ओतल्याचा आवाज. ग्लास टेबलावर टेकला. थोडा वेळ काहीच नाही. मग गटागटा पिण्याचा. मग खोकला. मग पुन्हा ओतल्याचा.

"बस! पुरे! काका, काढून टाकतो मी तो व्हिडिओ... टाकतो... बस ना..."

मी शेठकडे बघितलं. तो अजून हसत होता. आणि तेवढ्यात आतून दुसरा आवाज आला. हळू. अदबीने.

"आजून थोडी, सायबानू."

शेठचं हसू तोंडावर तसंच राहिलं. पण डोळे... डोळे हसत नव्हते.

मी शटरकडे धावलो. शेठने माझा हात धरला. घट्ट. कानात म्हणाला, "पोलीस आहेत. लायसन जाईल."

"अरे, आत..."

"लायसन जाईल, मार्तंड."

आतून देवेश ओरडत नव्हता. ओरडला असता तर मी शेठला ढकललं असतं. तो फक्त मोजल्यासारखं म्हणत होता. बस. बस. बस. मग अर्धंच. ब... मग तेही नाही.

ओतल्याचा आवाज मात्र चालू होता.

हवालदाराने सिगारेट संपवली. गाडीत बसला. गाडी गेली. दोन वाजून दोन मिनिटं. शेठने शटर वर केलं.

 सुयोगने मोबाईल पालथा ठेवला. 

"देवेश खुर्चीत ताठ बसला होता," काका म्हणाले. "डोळे उघडे. ओठ निळे. दोन्ही हात टेबलावर. समोर ग्लास. काठोकाठ भरलेला... काठाच्या वर फुगलेला. आणि टेबल कोरडं. फरशी कोरडी. त्याची पँट कोरडी. एक थेंब कुठे सांडला नव्हता."

"जिवंत होता?" सुयोगने विचारलं.

"श्वास चालू होता. रिक्षात घातला. सरकारी हॉस्पिटलमध्ये पहाटे साडेचारला गेला. डॉक्टर म्हणाले, पोटात आणि रक्तात नुसती दारू. इतकी एका बैठकीत माणूस पिऊच शकत नाही, कुणीतरी पाजली असेल. पोलिसांनी मला आणि शेठला दोन दिवस बसवून ठेवलं. बारला मागचं दार नाही. मागच्या खोलीत झोपलेली पोरं उठलीच नव्हती. शेवटी लिहिलं, अतिमद्यपान. देवेशचा मोबाईल ते घेऊन गेले. त्यात काय आहे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

"त्याचे आईवडील?" श्रुतिकाने हळूच विचारलं.

"आई माझ्या दारात आली होती. म्हणाली, तुम्ही बाहेर उभे होतात, तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही? मी नाही म्हणालो."

 मग सुयोग उसनं हसत म्हणाला, "काका, प्यायला तो स्वतःच. चार क्वार्टर होत्या ना समोर? घाबरला आणि सगळ्या रिचवल्या. त्यात भूत कुठून आलं?"

"पोलीसही तेच म्हणाले," काका म्हणाले. "चारही बाटल्या रिकाम्या होत्या. पण मी तीस वर्षं या धंद्यात काढली, म्हणून मी त्यांच्या आधी बाटल्या बघितल्या. एक आधीच खिशात टाकली, उरलेल्या तीन त्यांनी नेल्या."

त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशातून चौथी काढली आणि सुयोगच्या हातात ठेवली.

सुयोगने ती मोबाईलच्या उजेडात धरली. उलटी केली. हलवली. आत काहीच नव्हतं. मग त्याने झाकण बघितलं. अंगठा त्यावरून एकदा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि बाटली पटकन माझ्याकडे दिली.

सील तसंच होतं. कंपनीतून आलेलं, न फिरवलेलं.